बॉनेट उघडण्याआधी

शेतात वर्षानुवर्षे उभे राहिलेले ट्रॅक्टर आणि जुन्या जीपगाड्या मी दुरुस्त करतो, असे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "साप निघत असतील ना? भीती नाही वाटत?" साप निघतात, पण त्याच्या आधी त्या गाडीत उंदीर राहायला आलेला असतो, हे विचारणाऱ्याच्या ध्यानात नसते.

बंद गाडी उंदराच्या सोयीचीच असते. एअर क्लीनरचा डबा कोरडा आणि बंदिस्त, सीटमधला स्पंज अंथरुणाला आयता. पुढचे दात जन्मभर वाढत असल्यामुळे त्याला काहीतरी कुरतडावेच लागते, आणि त्यात वायरिंग हमखास सापडते. म्हणून सीटखाली लेंड्या दिसल्या की मी बॅटरी जोडत नाही. आधी वायरिंग शेवटपर्यंत तपासतो, कारण सोललेल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर गाडी चालू होण्याऐवजी पेटायची. लेंड्याही कोरड्या झाडत नाही, हातमोजे घालून, ओल्या करून पुसतो. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि मेकॅनिकच्या हातावर एखादा ताजा ओरखडा असतोच.

खरा चकवा देते ती कुंभारीण माशी. ट्रॅक्टर चालू होतो, थोडा वेळ नीट चालतो आणि मग गुदमरून बंद पडतो. सगळ्यांचा संशय फिल्टरवर आणि पंपावर. अशा वेळी मी डिझेल टाकीचे झाकण सैल करून कान देतो. 'सूं' करून हवा आत ओढली गेली, तर टाकीची हवेची वाट बुजलेली आहे : डिझेल उतरत जाते, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, आणि शेवटी इंजिनापर्यंत डिझेल पोहोचेनासे होते. हवेच्या नळीतला मातीचा बूच तारेने उकरला की त्यामागे दाटीने कोंबलेले कोळी निघतात. ते मेलेले नसतात. डंखाने लुळे केलेले असतात, एखाद्याचा पाय अजून हलत असतो. माशीच्या अळीसाठी ठेवलेली ती ताजी शिदोरी. पंप खोलण्याचा खर्च वाचल्यावर मालक तिला शिव्या देतो; मला मात्र तिच्या बांधकामाचे कौतुक वाटते.

आता साप. तो बहुधा उंदराच्या मागावर आलेला असतो, आणि पुष्कळदा बिनविषारी असतो. तरी अंधारात दिसलेल्या वेटोळ्यावरून जात ओळखण्याचे धाडस मी करत नाही. बॉनेट लांब काठीने उघडतो, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवतो आणि दूर जाऊन बसतो. नाहीच गेला तर सर्पमित्राला बोलावतो. इंजिन चालू करून त्याला हुसकावण्याचा सल्ला बघे हटकून देतात. त्याने साप पंख्यात नाहीतर बेल्टमध्ये सापडून चिरडतो, आणि त्याचे तुकडे ज्या सांदीत जातात तिथे माझा पाना पोहोचत नाही.

भीतीचे म्हणाल, तर ती मला गांधीलमाश्यांची वाटते. वाट मिळाली की साप निघून जातो. पोळ्याला धक्का लागलेल्या गांधीलमाश्या मात्र पाठलाग करतात, आणि त्यांची नांगी मधमाशीसारखी अंगात अडकून राहत नसल्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. त्यातून पोळे असते डॅशबोर्डच्या मागे, आणि तिथे हात कोपरापर्यंत गेल्याशिवाय कुठलेच काम होत नाही.