अखेर गुलाबी रंग दिसला: सफरचंदांची आम्लता, तिसरा प्रयत्न

मंडळी, काल रात्री साडेदहाला काचेच्या ग्लासातल्या सफरचंदाच्या रसात फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला, म्हणजे आंबटपणा नीट मोजता आला. तीन आठवडे मी याचीच वाट बघत होते.

मागच्या वेळी अडकले होते ते असं. बुधवारी नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून आणलेलं डिलिशियस सफरचंद आणि रविवार कारंज्याजवळून घेतलेलं गोल्डन, दोघांचा ब्रिक्स (रसातल्या साखरेचं मोजमाप) जवळपास सारखा, १२.८ आणि १२.९. पण डोळे बांधून चव घेताना सासूबाई आणि भाचा दोघांनीही डिलिशियसलाच "जास्त गोड" म्हटलं, तेही पाचपैकी पाच वेळा. ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर द्राक्षबागेतला, दिंडोरीच्या मैत्रिणीने दिलेला, शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारा. त्यावर शंका नव्हती. म्हणजे फरक आंबटपणात, आणि तो मोजायचा तर टायट्रेशनला पर्याय नाही: रसात कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबथेंब घालायचं आणि आम्ल संपेपर्यंत किती लागलं ते मोजायचं.

अडचण एकच: रस काळा पडतो. सफरचंद किसलं की दोन मिनिटांत चहासारखा तांबूस रस हाती येतो आणि त्यात, आम्ल संपताच गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनची पहिली छटा दिसतच नाही. पहिल्यांदा मी अंदाजाने थांबले. एकाच फळाचे तीन आकडे आले, तिन्ही वेगळे. दुसऱ्यांदा काळं पडू नये म्हणून फोडींवर लिंबू पिळलं, जसं घरी फ्रूट सॅलडला पिळतो तसं. रस सुंदर पांढरट राहिला, गुलाबी रंगही दिसला, आणि डिलिशियसला तीनऐवजी सहा मिली कॉस्टिक लागलं. मी लिंबाचं आम्ल मोजत होते! व्हिटॅमिन सीच्या गोळीचंही तेच, तीही आम्लच. ज्यांनी मला ती सुचवली होती त्यांनी आपले आकडे पुन्हा तपासावेत.

उपाय शेवटी इडलीपात्रात सापडला. रस काळा करणारं एन्झाइम उष्णतेने मरतं. पातळ फोडी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून, वाफेचं पाणी आत जाणार नाही अशा बेताने आठ मिनिटं ठेवायच्या, गार करून मलमलीतून पिळायच्या. मग १० मिली रस, त्यात ४० मिली उकळून गार केलेलं डिस्टिल्ड वॉटर. पाणी घातल्याने आम्ल कमी होत नाही, रंग मात्र फिका पडतो आणि गुलाबी छटा लख्ख कळते. उकळायचं ते पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जावा म्हणून, नाहीतर तोही आम्लात मोजला जातो. ब्रिक्स कच्च्या आणि वाफवलेल्या रसाचा ताडून पाहिला, फरक ०.२ च्या आत.

कॉस्टिकबद्दल एक सांगते. आधीच्या दुकानातून आणलेली बाटली सैल बुचाची आणि अर्धी रिकामी होती. हवा लागली की द्रावणाची ताकद घटते, म्हणून लहान बाटलीच घ्या, भरलेली आणि सीलबंद.

आणखी एक दुरुस्ती, मागचे सगळे आकडे वाचलेल्यांसाठी. लागलेल्या मिलींना ज्या गुणकाने गुणून आम्लाचे टक्के काढतात, तो मैत्रिणीच्या वहीतला गुणक वाइनचा, म्हणजे टार्टारिक आम्लाचा, ०.०७५. सफरचंदात मुख्य आम्ल मॅलिक, त्याचा गुणक ०.०६७ (१० मिली रस, ०.१ नॉर्मल ताकदीचं कॉस्टिक). जुने आकडे साधारण ११ टक्क्यांनी कमी करून घ्या.

आता निकाल. डिलिशियसला ३.० मिली लागलं, म्हणजे ०.२० टक्के. गोल्डनला ५.१, म्हणजे ०.३४. ब्रिक्सला आम्लतेने भागलं (आकडा जितका मोठा, तितकं फळ गोड लागतं) तर डिलिशियस ६४, गोल्डन ३८. सासूबाईंची जीभ अचूक होती.

आणि अंबरी मिळालं! पेठ रोडच्या फळबाजारात एका गाळ्यावर चार किलो, काश्मीरचं अस्सल देशी वाण, इकडे क्वचितच येतं. पिशवी उघडली तशी स्वयंपाकघरभर वास. टायट्रेशनला एकच फोड दिली, बाकी आम्ही खाल्लं.

महाराजी सफरचंद मात्र ८.२ मिलीवर गेलं, ०.५५ टक्के. लालवर पांढरे ठिपके असलेलं ते टणक फळ भाच्याने एक घास खाऊन ठेवून दिलं. पुढच्या वेळी किन्नौर आणि अमेरिकन सफरचंद घ्यायचं ठरवलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय, ते मागे ठेवावं. साठवणीत फळ श्वसन करताना स्वतःचं मॅलिक आम्ल वापरतं, त्यामुळे महाराजी टिकवून खाल्लं तर गोड लागतं म्हणतात. मग एकाच पेटीतली फळं निम्मी फ्रीजमध्ये, निम्मी माळ्यावर ठेवून सहा आठवडे दर रविवारी का मोजू नयेत? नाशिकची थंडीही आता पडू लागलीय, माळ्यावर रात्री गारवा असतो. सोबत टिंक्चर आयोडीनने कापलेल्या फोडीवर स्टार्चही बघता येईल: निळा डाग जितका मोठा, तितका साखर व्हायचा राहिलेला स्टार्च जास्त.

बुधवारी महाराजीची पेटी आणते. एकाच झाडाची फळं मिळणं शक्य नाही, पण एकाच पेटीतली, एकाच आकाराची निवडेन.