आईची इम्युनोथेरपी: माझा अनुभव

आईच्या फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी डॉक्टरांनी केमोऐवजी इम्युनोथेरपी सुचवली, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. केस जाणार नाहीत, उलट्या फारशा होणार नाहीत, एवढ्यावरच सगळे खूश. मला मात्र ते औषध नक्की काय करतं हे समजून घेतल्याशिवाय चैन पडेना.

डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढले. एक टी-पेशी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीची पेशी, दुसरी कॅन्सरची. टी-पेशीवर पीडी-1 नावाचा ब्रेक असतो आणि कॅन्सरची पेशी तिच्याकडच्या पीडी-एल1 ने तो दाबून धरते. औषध हा ब्रेक सोडवतं. गाठीवर हल्ला करतात त्या आईच्याच पेशी! असे ब्रेक शोधून त्यांचा उपचारासाठी उपयोग दाखवून दिल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं.

बायोप्सीत पीडी-एल1 60 टक्के आलं, म्हणजे कॅन्सरच्या तेवढ्या पेशींवर ते दिसलं. ते 50 च्या वर असलं की बऱ्याचदा केमोशिवाय हे एकटं औषध देता येतं. पण त्याआधी ईजीएफआर, एएलके हे जनुकीय बदल नाहीत ना, ते पाहावं लागतं. असतील तर सहसा त्यांच्यावरच्या गोळ्या आधी देतात. त्या रिपोर्टची वाट बघणं फार जड गेलं, पण ते थांबणं गरजेचंच होतं.

सलाइनमधून औषध जायला जेमतेम अर्धा तास लागायचा. पेम्ब्रोलिझुमॅब, 200 मिलिग्रॅम, दर 3 आठवड्यांनी. त्याआधी दर वेळी रक्ततपासणी.

काही महिन्यांनी आई दिवसभर पेंगायला लागली. पंखा लावला की शाल ओढून बसायची. ‘वय झालं गं माझं,’ म्हणायची. रक्ततपासणीत टीएसएच खूप वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावली होती. मोकळ्या सुटलेल्या टी-पेशींनी थायरॉइडलाही गाठलं होतं. थायरॉक्सिनची रोजची गोळी सुरू झाली, तरतरी परत आली आणि इम्युनोथेरपी थांबवावी लागली नाही.

सगळेच त्रास इतके सोपे नसतात. या उपचारात जुलाब, नवा कोरडा खोकला, धाप, अंगावर पुरळ यांतलं काहीही दिसलं तर घरातली गोळी देऊन वाट बघू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. आतड्याला किंवा फुप्फुसाला आलेली सूज स्टिरॉइड वेळेवर मिळालं तर बहुतेकदा आटोक्यात येते, उशीर झाला तर जिवावर बेतू शकते. आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी ‘इम्युनोथेरपी चालू’ असं लाल शाईने लिहून ठेवलंय, म्हणजे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे जावं लागलं तरी त्यांना लगेच कळेल. उपचार संपल्यावरही ते पान काढणार नाही, कारण हे त्रास शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनीही उद्भवू शकतात.