रिट टाकायची की दावा लावायचा?

पक्षकार पहिल्यांदा येतो तेव्हा कागदांची पिशवी टेबलावर ठेवता ठेवताच म्हणतो, "मॅडम, रिट टाकायचीय." कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट याचिका, टाकली की सरकार हलतं. हलतं कधीकधी. पण मी दोन्ही कामं करते, म्हणजे सकाळी डिव्हिजन बेंचसमोर रिट आणि जेवणानंतर सिंगल जजसमोर कमर्शियल सूट म्हणजे व्यापारी दावा, नाहीतर आर्बिट्रेशनचा म्हणजे लवादाच्या कायद्यातला सेक्शन ९ चा अंतरिम अर्ज, आणि माझं ठाम मत झालंय की समोर सरकार, महापालिका किंवा एखादं महामंडळ असेल तर वकिलाचं अर्धं काम ड्राफ्टिंग नसतं की आर्ग्युमेंट नसतं, कुठल्या दारातून आत जायचं हे पक्षकाराला खरं खरं सांगणं हेच असतं. चुकीच्या दारात दोन वर्षं उभं राहून "पर्यायी उपाय उपलब्ध आहे, तिकडे जा" अशी एका पानाची ऑर्डर घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत. तोवर दाव्याची तीन वर्षांची मुदत संपत आलेली असते, मग लिमिटेशन अ‍ॅक्टच्या सेक्शन १४ खाली तो काळ वगळा म्हणून आणखी एक लढाई.

कॉलेजात घटना एका पेपरला आणि करार दुसऱ्या पेपरला, त्यामुळे ही दोन वेगळी जगं आहेत असं वाटतं. प्रॅक्टिसमध्ये तसं नाहीये. सरकार रस्ते बांधून घेतं, पाईप विकत घेतं, गाळे भाड्याने देतं, सगळं व्यापाऱ्यासारखंच करतं. पण एखादा व्यापारी म्हणाला की मला अमक्याशी धंदा करायचा नाही तर विषय संपला, त्याला कारण विचारता येत नाही, सरकारला मात्र विचारता येतं, कारण घटनेतलं समानतेचं कलम १४ कराराच्या टेबलापर्यंत त्याच्या मागे येतं.

हे ज्या केसने पक्कं केलं ती मुंबईचीच आहे आणि मला ती फार आवडते. १९७७ च्या जानेवारीत एअरपोर्ट अथॉरिटीने सांताक्रूझच्या विमानतळावर एक सेकंड क्लास रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार तीन वर्षं चालवायला निविदा काढली, अट अशी की निविदा भरणारा नोंदणीकृत सेकंड क्लास हॉटेलवाला हवा आणि किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. सगळ्यात जास्त बोली आली महिन्याला ६,६६६ रुपये ६६ पैशांची, आणि ती लावणाऱ्याकडे अनुभव होता कॅन्टीन चालवायचा, अटीत बसणाऱ्या हॉटेलचा नव्हता. तरी काम त्यालाच मिळालं. मग रमण दयाराम शेट्टी कोर्टात गेले. गंमत बघा, त्यांनी स्वतः निविदा भरलेलीच नव्हती, त्यांचं म्हणणं एवढंच की ही अट ढिली होऊ शकते हे मला माहीत असतं तर मीही भरली असती. मुंबई हायकोर्टात याचिका उभी राहिली नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ४ मे १९७९ ला न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की सरकारने एकदा अट घातली की ती सरकारलाही बांधते, एकासाठी ती वाकवायची आणि बाकीच्यांनी ती वाचून घरी बसायचं हे चालणार नाही.

आणि एवढं सगळं होऊन शेट्टींना हातात काहीच मिळालं नाही. याचिका पाच महिन्यांहून जास्त उशिरा आलेली, तोवर समोरच्याने फर्निचर आणि बाकी सामानावर सव्वा लाखाच्या आसपास खर्च केलेला, शिवाय यांच्यामागे दुसऱ्याच कुणाचा तरी हात आहे असं कोर्टाला वाटलं. तत्त्व जिंकलं, याचिका फेटाळली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्युनियरला मी हा निकाल शेवटच्या पानापर्यंत वाचायला लावते, नुसता हेडनोट म्हणजे वरचा सारांश नाही, कारण तत्त्व सगळ्यांना पाठ असतं आणि शेवटची पानं कुणी वाचत नाही.

त्यानंतर कोर्टांनी हात आवरता घेतला. १९९४ ला टाटा सेल्युलरमध्ये, चार महानगरांतल्या मोबाईल लायसन्सच्या भांडणात, सुप्रीम कोर्ट म्हणालं की निर्णय कसा घेतला गेला ते आम्ही बघू, निर्णय बरोबर की चूक ते बघणार नाही. २०१६ चा नागपूर मेट्रोचा निकाल तर आम्हाला रोज तोंडावर फेकला जातो. तिथे एका बोलीदाराचा चीनमधल्या इंटरसिटी रेल्वेचा अनुभव "मेट्रोचं बांधकाम" म्हणून धरायचा की नाही हा वाद होता, नागपूर खंडपीठाने धरा म्हटलं, सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं आणि सांगितलं की निविदेचा कागद ज्याने बनवला त्यालाच त्याचा अर्थ सगळ्यात चांगला कळतो, अर्थ अगदीच विकृत नसेल तर कोर्टाने मध्ये पडू नये.

मला हे बहुतांशी पटतं. मेट्रोचा पूल कुणी बांधायचा हे दोन न्यायाधीश आणि चार वकील मिळून ठरवू शकत नाहीत, ठरवूही नये. पण हा निकाल हाती आल्यापासून प्रत्येक अधिकारी प्रत्येक अटीचा अर्थ "आम्हीच लावणार" म्हणून सांगतो, आणि एका विशिष्ट कंपनीच्या मापाने शिवलेली अटसुद्धा त्यात लपते, याचा मला मनापासून राग आहे. अर्थ लावायचा अधिकार तुमचा, मान्य, पण तो सगळ्यांसाठी एकच अर्थ लागला पाहिजे ना.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. एका नगरपरिषदेची पाईपलाईनची निविदा, ऑनलाईन, दोन लिफाफे, पहिल्यात तांत्रिक कागद आणि दुसऱ्यात दर. आमचा कंत्राटदार पहिल्याच लिफाफ्यात बाद, कारण सीएच्या उलाढालीच्या दाखल्यावर यूडीआयएन, म्हणजे सीएच्या प्रत्येक दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नाही. दुसरा लिफाफा उघडणार दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजता, आणि हे गृहस्थ आदल्या संध्याकाळी चेंबरला आले. "मॅडम, नंबर नसला म्हणून दाखला खोटा होतो का?" असं ते परत परत विचारत होते. तो मुद्दा घेऊन गेलो असतो तर कोर्टाने पाच मिनिटांत घरी पाठवलं असतं, अट स्पष्ट होती, नंबर हवाच होता. मी म्हटलं काका, तुमचा दाखला बाजूला ठेवा, छाननीचा तक्ता काढा.

पोर्टलवरून डाऊनलोड केलेला तो तक्ता होता, आडव्या पानावर छापलेला, अक्षरं इतकी बारीक की मोबाईलवर मोठं करून वाचावं लागलं, आणि शेवटी शेरा असा एक रकाना. आमच्या नावापुढे "यूडीआयएन नाही, अपात्र". तीन ओळी खाली दुसऱ्या बोलीदारापुढे लिहिलेलं, "यूडीआयएन नाही, त्रुटी पूर्तता प्राप्त, पात्र". म्हणजे त्रुटी तीच, एकाला दुरुस्त करायला सांगितलं, दुसऱ्याला कळवलंसुद्धा नाही. इथे आमची केस बदलली. आता अटीच्या अर्थाचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे नागपूर मेट्रो आडवा येत नव्हता, हा सरळ कलम १४ चा मुद्दा होता. रात्री ड्राफ्ट झाला, बारा पानांचा, आणि त्या तक्त्याची प्रत एक्झिबिट ए म्हणून लावली, सकाळी प्रेसिपी, म्हणजे तातडीच्या सुनावणीची विनंती, देऊन कोर्टापुढे मेन्शन केलं, दुपारच्या आत ऐकायला घेतलं. बेंचने तक्ता पाहिला आणि नगरपरिषदेच्या वकिलांना एकच विचारलं, या दोन ओळींत फरक काय? त्यांनी इन्स्ट्रक्शन्स घेतल्या आणि स्टेटमेंट केलं की सर्वांची छाननी नव्याने करू, तोवर दुसरा लिफाफा उघडणार नाही. पुढे छाननी झाली, आमचे पात्र ठरले, दर उघडले तर त्यांचा नंबर तिसरा. काम मिळालं नाही. ते फोनवर म्हणाले, दरात हरलो त्याचं काही नाही.

ते एक महिना थांबून आले असते तर माझ्या हातात काही नव्हतं. कार्यारंभ आदेश निघाला, खड्डे खणायला सुरुवात झाली की कोर्ट स्थगिती देत नाही. २०१८ ला स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये पायाभूत प्रकल्पांविरुद्ध इंजंक्शन म्हणजे मनाई हुकूम देऊ नये अशी तरतूद आली आणि २०२२ मध्ये एन. जी. प्रोजेक्ट्सच्या निकालात सुप्रीम कोर्टाने रिट कोर्टांनाही तेच बजावलं, की काम थांबवण्यापेक्षा नुकसानभरपाईकडे बघा. म्हणून निविदेत दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. आणि इथेच लहान गावातला माणूस मागे पडतो, कारण मोठ्या कंपनीचा सॉलिसिटर त्याच दुपारी काउन्सेलला, म्हणजे कोर्टात युक्तिवाद करणाऱ्या वकिलाला, फोन लावतो, आणि याला मात्र आधी तालुक्याचे वकीलसाहेब, मग जिल्ह्याचे, मग मुंबईची गाडी. हायकोर्टाच्या ओरिजिनल साईडला, जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, सॉलिसिटरमार्फतच ब्रीफ येण्याची सक्ती केव्हाच गेली, सवय गेलेली नाही. डॉ. आंबेडकर १९२३ ला बॅरिस्टर म्हणून मुंबईत वकिली करू लागले तेव्हा सॉलिसिटर त्यांच्याकडे काम घेऊन येणं किती अवघड होतं हे आपण वाचलेलं आहे, त्यांची वकिली मुख्यतः अपेलेट साईडला, म्हणजे अपिलांच्या बाजूला, झाली ती उगाच नाही. त्यामुळे थेट तालुक्याहून आलेल्या वकिलांचा फोन मी रात्री कितीही उशीर असला तरी घेते.

आता दुसरा प्रकार, थकलेली बिलं. जलजीवनच्या कामांची देयकं अडकल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. काम पूर्ण, पूर्णत्वाचा दाखला हातात, पैसे नाहीत. इथे रिट की दावा हे मी एका कागदावरून ठरवते, मोजमाप पुस्तिकेवरून, ज्याला सगळे एमबी म्हणतात. एमबीत मोजमाप लिहिलंय, सही आहे, बिल मंजूर आहे आणि खातं फक्त म्हणतंय की निधी नाही, तर वाद कुठे आहे? तिथे रिटला जागा आहे, एबीएल इंटरनॅशनलच्या निकालात डिसेंबर २००३ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सरकार मनमानी करत असेल तर केवळ प्रकरण कराराचं आहे म्हणून रिटचं दार बंद होत नाही. पण खातं म्हणालं की खोदाई कमी झालीय, पाईप कमी दर्जाचा आहे, तर मग साक्षीपुरावा आला, उलटतपासणी आली, ते रिटमध्ये होत नाही. मग आर्बिट्रेशनचं कलम असेल तर तिकडे, नसेल तर कमर्शियल सूट.

कमर्शियल सूटला लोक उगाच घाबरतात. २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स अ‍ॅक्टमध्ये बांधकामाचे आणि पायाभूत कामांचे करार, निविदांसकट, व्याख्येत घातलेत, आणि एक पक्ष सरकार आहे म्हणून वाद कमर्शियल राहत नाही असं होत नाही हेही स्पष्ट लिहिलंय. २०१८ पासून दाव्याच्या किमान रकमेची मर्यादा ३ लाखांवर आली, त्यामुळे जिल्ह्यातल्या छोट्या कंत्राटदाराचा दावासुद्धा त्यात बसतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रतिवादीला लेखी म्हणणं द्यायला १२० दिवस, त्यानंतर हक्क संपला, आणि सरकार आहे म्हणून यात सवलत नाही. साध्या दाव्यात तारखांवर तारखा घेणारं खातं इथे १२१ व्या दिवशी अडकतं. त्रास आहेच, तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर आधी सेक्शन १२ए खाली मध्यस्थीला जावंच लागतं, २०२२ च्या पाटील ऑटोमेशनच्या निकालानंतर त्यातून सुटका नाही, त्यात तीन महिने आणि दोघांची संमती असेल तर आणखी दोन. तो काळ मुदतीतून वगळला जातो हे मात्र लक्षात ठेवा. सरकार प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सेक्शन ८० ची दोन महिन्यांची नोटीस. कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर, आणि रिटची फी त्यामानाने किरकोळ, म्हणून पक्षकाराचा ओढा रिटकडे असतो, ते मी समजू शकते. पण स्वस्त म्हणून रिट टाकू नका, महागात पडते.

येताना काय आणायचं तर निविदा सूचना आणि तिची सगळी शुद्धिपत्रकं, निविदापूर्व बैठकीचं इतिवृत्त, छाननीचा तक्ता, बिलांचं असेल तर कार्यारंभ आदेश, एमबी, पत्रव्यवहार, आणि तुमच्या विरोधात जाणारं पत्रसुद्धा, ते समोरच्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. एमबीची प्रत खातं देत नसेल तर माहिती अधिकारात मागा, उत्तराला ३० दिवस लागतात, तेवढ्यात मुदत संपत नाही ना हे तालुक्याच्या वकिलांकडून आधी मोजून घ्या.