तुम्ही विचारलंत म्हणून: लेखकही मीच, निर्माताही मीच, मग पैसे कोण कोणाला देतं?

फैजपूरला मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं, पंगतीत शेजारी नवऱ्याकडचे एक काका बसलेले. वरण-बट्टीवर तूप घेता घेता म्हणाले, "टीव्हीवर तुमचं नाव दोनदा येतं म्हने, लेखक म्हनून बी अन् निर्माता म्हनून बी. मंग पैसे कोन कोनाले देतं?" पंगत हसली, मीही हसलो, वाढप्याने तेवढ्यात वांग्याची भाजी टाकली आणि विषय संपला. पण हा प्रश्न मला लिहायला शिकणारी पोरंही विचारतात, बँकेतला माणूस तर कर्जाच्या फॉर्मवर बोट ठेवून विचारतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी एक घोळ सोडवू. आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसेवाला. अमेरिकेत विनोदी मालिकांमध्ये निर्माता ही बऱ्याचदा लेखकाचीच बढती असते, म्हणजे पोरगा लेखकांच्या खोलीत सगळ्यात ज्युनियर म्हणून शिरतो आणि वर्षं गेली की त्याच्या नावापुढे सहनिर्माता, निर्माता असं लागत जातं, खिशातून दमडी न घालता. 1951 साली 'आय लव्ह लूसी' सुरू झाली तेव्हा जेस ओपनहायमर हा तिचा निर्माता पण आणि मुख्य लेखक पण. समोर खरे प्रेक्षक बसवून तीन कॅमेरे एकदम चालवायचे हे त्या मालिकेने रूढ केलं. ते नाटकासारखं असल्यामुळे चार भिंती, एक सोफा, दोन दरवाजे, संपलं. सिटकॉमचा, म्हणजे अशा विनोदी मालिकेचा, जीव त्या सोफ्यात आहे असं मी म्हणतो, आणि ते मला फार उशिरा कळलं.

मी यावल तालुक्यातला, घरी केळी. मुंबईला गेलो तो लेखक व्हायला, निर्माता वगैरे डोक्यातही नव्हतं. पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या नावावर संवाद लिहिले, एका मालिकेचे तर बावीस एपिसोड, नाव नाही आणि शेवटच्या सातचे पैसेही नाहीत. कोण ते सांगत नाही, भेटला की अजून चहा पाजतो. त्या दिवसांत मी लिहायचो कसं, तर बाजार भरलाय, पाऊस पडतोय, बैलगाडी उलटते, त्यातून मामा पडतो. प्रॉडक्शनवाला कागद बघायचा, एक शब्द न बोलता बैलगाडी खोडायचा, पाऊस खोडायचा, मग बाजारपण खोडायचा, आणि उरायचा मामा. मला वाटायचं काय अडाणी माणूस आहे हा.

तेव्हा 'हम पाँच' ही हिंदी विनोदी मालिका आठवायला हवी होती मला. 1995 मध्ये झी टीव्हीवर आली, जळगावात कॉलेजात होतो, रूमवर नव्हता टीव्ही म्हणून घरमालकाच्या दारात उभं राहून बघायचो. अशोक सराफ, पाच पोरी, दुसरी बायको, आणि पहिली बायको भिंतीवरच्या फोटोत, ती फोटोतूनच बोलायची, प्रिया तेंडुलकर. आता निर्माता म्हणून बघा ना त्या फोटोकडे! एक नटी, एक फ्रेम, हलायचं नाही, कपडेपट नाही, लोकेशन नाही, आणि अख्ख्या घरात सगळ्यात जास्त हशा तिला. ते कुणी आधी खर्चाचा विचार करून लिहिलं असेल असं मी म्हणत नाही, पण असं सुचायला हिशोब डोक्यात मुरलेला लागतो.

पुढे दोन मित्रांबरोबर छोटी कंपनी काढली आणि खोडणारा माणूस मीच झालो. भरिताचा एपिसोड सांगतो. थंडीतली भरीत पार्टी, आपल्याकडची, शेतात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी भाजतायत, बाजूला मिरच्या-लसूण ठेचणं चाललंय, कळण्याच्या पुऱ्या, तीन कुटुंबं, चौदा माणसं. मी प्रेमाने लिहिलं, वाचताना मलाच भूक लागली. रात्री लिहिलं आणि सकाळी निर्माता म्हणून तेच कागद हातात घेतले तर घाम फुटला. रात्रीचं आउटडोअर, जनरेटर, परवानगी, उघडी आग, चौदा जणांच्या तारखा. चॅनलला तयार एपिसोडची कॉपी दोन दिवसांत जायची होती, आणि एपिसोड हा केळीच्या घडासारखा असतो, तयार झाला की गाडीत चढलाच पाहिजे, उद्या त्याला कोणी विचारत नाही.

मग सगळे पुरुष गच्चीवर पाठवले आणि कॅमेरा ठेवला खाली स्वयंपाकघरात, वहिनीपाशी. भरीत दिसतच नाही. दर दोन मिनिटांनी वरून एकेक जण येतो, मीठ द्या, काडेपेटी द्या, मग तेल, मग बर्नॉल, मग आपला बाप गंभीर चेहऱ्याने पाण्याची बादली मागायला. खिडकीतून धूर आत येतो, तो सेटवरची पडेल ती कामं करणारे आमचे स्पॉट दादा फॉगर घेऊन स्टुलावर बसून सोडत होते, पहिल्या टेकला इतका सोडला की वहिनी झालेली नटी खरोखर खोकली, डोळे पुसत पुढचं वाक्य म्हणाली आणि तोच टेक ठेवला. शेवटी सगळे काळ्या तोंडाने खाली येतात तर तिने गॅसवर चार वांगी भाजून ताटं वाढून ठेवलेली. एक सेट, पाच नट, अर्ध्या शिफ्टमध्ये बावीस मिनिटांतली नऊ मिनिटं उभी राहिली, आणि शेतातल्यापेक्षा चांगली झाली, हे लेखकाला कबूल करायला जरा जड गेलं.

दरवेळी असं होत नाही हं. कधी निर्माता इतकं कापतो की विनोदासकट जातं, आणि मग भांडायलाही समोर कोणी नसतं.

गावाकडून नानांनी तो एपिसोड बघून फोन केला. "समदं झालं, पन त्यानं वांग्याले टोचे मारले व्हते का? नई तं फुटतं ते." मी म्हटलं नाना, वांगी नव्हतीच वर, नुसता धूर होता. ते म्हणाले, "मंग त्याले सांगजो पुढच्या खेपेले."

राहिले काकांचे पैसे. एपिसोड दाखवल्यावर 90 दिवसांनी चॅनलकडून पैसे, असा आमच्या धंद्यातला रिवाज. तोवर निर्माता नटांना देतो, लाइटवाल्यांना देतो, सेटचं भाडं, जेवणवाला, स्पॉट दादा. लेखकाचं नाव यादीत सगळ्यात खाली, कारण तो घरचाच, ओरडणार नाही. भरिताच्या एपिसोडचे त्याचे अजून द्यायचेत.