हे अंशतः खरे आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नात, एसटीच्या थांब्यावर, परवा तर तेराव्याच्या पंगतीतही कुणीतरी विचारलंच: "भाऊ, साहेब तहसीलदार असताना जास्त उपयोगी, की आमदार झाल्यावर?" मी दोन्हीकडे त्यांच्याजवळ होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्यांच्या कचेरीत अव्वल कारकून, आणि निवृत्तीनंतर पाच वर्षं त्यांचा स्वीय सहायक. माझं उत्तर ठरलेलं आहे: आमदार झाल्यावर. त्याचं कारण मात्र कचेरीतलं आहे.

अधिवेशन लागलं की मंत्रालयातून तारांकित प्रश्न, म्हणजे आमदाराने विचारलेला आणि मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, खाली झिरपत आमच्यापर्यंत यायचा, "माहिती आजच पाठवा" अशा शेऱ्यासकट. एका जुलैत रात्री साडेनऊला, लाईट गेलेली, मेणबत्ती लावून आम्ही दोघं उत्तर लिहीत होतो. एका वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला होता आणि पोरं दोरी धरून पऱ्ह्या (ओढा) ओलांडत होती, हे खरे आहे काय? साहेबांनी लिहिलं, "खरे आहे." वरून फोन आला आणि त्याचं "अंशतः खरे आहे" झालं. का, तर पलीकडून चार किलोमीटरची पायवाट होती. साहेबांनी सही केली, पेनाला टोपण न लावता ते तसंच ठेवलं आणि घरी गेले. "अंशतः" या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे.

पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते निवडून आले. 288 जणांतले एक, मागच्या बाकावरचे. भाषण त्यांना जमत नसे. पण प्रश्न! उत्तर कुठून निसटतं ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. त्याच साकवाचा प्रश्न टाकताना पायवाट त्यांनीच आत घातली: सदर पायवाट पावसाळ्यात पाण्याखाली जाते, हे खरे आहे काय? उत्तर आलं, "होय, हे खरे आहे." उपप्रश्नावर मंत्र्यांनी साकव बांधून देण्याचं आश्वासन दिलं. सभागृहात दिलेलं आश्वासन आश्वासन समितीकडे जातं, त्याचं काय झालं ते खात्याला सांगावं लागतं. तहसीलदाराने अहवाल पाठवायचा आणि वाट बघायची.

मग अडलं जागेवर. पोचरस्त्याचा सातबारा सामाईक, 43 नावं, निम्मी मयत, वारस मुंबईत. कोकणात कुठल्याही कामाला हेच. सभागृह उठलं की संध्याकाळी आम्ही संमतीपत्रं घेऊन लालबाग-परळच्या गावकरी खोल्यांवर जायचो. एका आजींनी अंगठा उठवण्याआधी विचारलं, "फणस जाईल काय रे?" साहेबांनी तिथेच नकाशा उलगडला, रस्ता जरा वरून घ्यायचं लिहून दिलं. मग अंगठा.

परतताना ते खोतीचं, म्हणजे खोताने कुळांकडून सारा वसूल करायच्या जुन्या पद्धतीचं, सांगत. त्यांचे आजोबा कूळ. खोती रद्द करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मांडलं, कायदा झाला 1949 साली. "बारा वर्षं लागली, पण मांडलं म्हणून झालं," म्हणायचे. अधिकाऱ्याला कागद पुढे सरकवता येतो, मांडता येत नाही.

दुसऱ्या वेळी साहेब पडले. साकव त्यानंतरच्या मे महिन्यात झाला. पाटीवर त्यांचं नाव नाही, याचं मला वाईट वाटतं. रस्ता फणसाला वळसा घालून जातो. यंदा बुंध्यापासून लागलाय.