चार सिनेमे आणि एक रिमोट

‘तुंबाड’ फार अंधारा, ‘द डिसायपल’ फार संथ, ‘कोर्ट’मधलं बोलणं नीट ऐकू येत नाही. आपल्या बडोद्यात घरी सिनेमे पाहणाऱ्यांकडून ही तीन गाऱ्हाणी हमखास येतात. माझ्या हिशेबाने त्यातलं फार तर अर्धं गाऱ्हाणं सिनेमाचं, उरलेली अडीच टीव्हीची. म्हणून या खेपेला मतं आणि रिमोटची कामं एकत्रच.

‘तुंबाड’ (2018) आधी घेऊ. 1918, 1933 आणि 1947 असे तीन टप्पे, बाहेर सतत कोसळणारा पाऊस, आत दिव्याचा तेवढाच उजेड. नवा टीव्ही येतो तो बहुधा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘स्टँडर्ड’वर लावलेला, शोरूमच्या भगभगीत दिव्यांत उठून दिसावा म्हणून. निळसर पांढरा, चढवलेला कॉन्ट्रास्ट, आणि सावल्या पार मेलेल्या. वाड्याच्या कोपऱ्यात काय आहे ते कळत नाही आणि शेवटाकडचा लाल रंग नुसता थापल्यासारखा दिसतो. आधी मोड बदला: ‘सिनेमा’, ‘मूव्ही’, किंवा असेल तर ‘फिल्ममेकर मोड’. हा शेवटचा 2019 मध्ये जाहीर झाला. एका बटणात निम्मं काम उरकतो. रंगाचं तापमान ‘वॉर्म 2’ किंवा ‘वॉर्म 50’ ठेवा. पहिले दोन-तीन दिवस पडद्यावर सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी वाटते. नेट धरा, डोळा सरावला की जुनं सेटिंगच ट्यूबलाइटसारखं दिसायला लागतं. शार्पनेस सॅमसंग-एलजीवर शून्याजवळ. सोनीवर मात्र 50, कारण तिथे 50 म्हणजेच ‘काही करू नकोस’.

मग काळा रंग. यात एक गोम आहे. काही टीव्हींत ‘ब्राइटनेस’ म्हणजे मागच्या दिव्याची ताकद, तर काहींत काळ्याची पातळी. तुमच्याकडे ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘शॅडो डिटेल’ असं वेगळं खातं असेल तर हात तिथेच घालायचा. रात्रीचा एखादा प्रसंग थांबवा आणि काळ्या कपड्याच्या चुण्या जेमतेम दिसतील इतपत पातळी चढवा. वर-खाली काळ्या पट्ट्या असतील तर त्यांच्यावर नजर ठेवा; त्या राखाडी व्हायला लागल्या की दोन घरं मागे या. पट्ट्या घालवायला ‘झूम’ मात्र करू नका. 2.39:1 मापाच्या (रुंदी उंचीच्या 2.39 पट) सिनेमात पडद्याची साधारण पाव उंची काळी राहणारच. झूम केलंत तर कडेला उभी असलेली माणसं कापली जातात. आणि ‘एनर्जी सेव्हिंग’ बंद करा. दिवे मालवले की ते हळूच पडद्याचा उजेडही उतरवतं, आणि मग शिव्या छायाचित्रकाराला.

एवढं करूनही अंधाराच्या छटांत पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर दोष बहुधा नेटचा. नेटफ्लिक्स 1080पी साठी 5 आणि 4के साठी 15 एमबीपीएस सांगतं. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर लॅनची वायर ओढा. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुधा 100 एमबीपीएसचंच असतं, पण तेवढं रग्गड झालं.

सिनेमा म्हणाल तर बाप-मुलाचा लोभ दाखवणारा शेवटचा टप्पा अजूनही जबरदस्त वाटतो. पण कोकणातल्या वाड्यात सगळे हिंदी बोलतात ते मराठी कानाला शेवटपर्यंत टोचतं.

‘द डिसायपल’ (2020) संथ आहे, कबूल. ते वर म्हटलेलं अर्धं गाऱ्हाणं हेच. पण विलंबित ख्याल ऐकताना कुणी घड्याळ बघतं का? शास्त्रीय गाणं शिकणारा नायक शरद रात्री मोटरसायकलवरून जातोय, मागे तंबोऱ्याचा सूर, त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा ध्वनिमुद्रित आवाज, आणि दृश्य मुद्दाम धिमं केलेलं. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग चालू असेल तर नेमकी हीच दृश्यं वाया जातात. एलजीत त्याला ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ म्हणतात. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवून भरतो. परिणामी सिनेमाची मालिका होते आणि हलत्या माणसाच्या कडांभोवती पाणी डुचमळल्यासारखं दिसतं. हे बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना थोडा हिसका जाणवेल. 60 हर्ट्‌झच्या पडद्यावर एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा दाखवावं लागतं, त्याचा तो हिसका. 120 हर्ट्‌झवर प्रत्येक चित्र पाचदा येतं, म्हणून तिथे तो नसतो.

आवाजाचं दुखणं याहून मोठं. पुरुष गायकाचा षड्ज पेटीच्या काळी एकला धरला तर तो साधारण 139 हर्ट्‌झ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, 69 च्या आसपास. टीव्हीचे पातळ स्पीकर त्या पट्टीत जवळजवळ मुके असतात. वरच्या स्वरांवरून कान खर्जाचा अंदाज बांधतो खरा, पण ती भरदार आस येत नाही. साधा साउंडबार लावला तरी फरक पडतो, आणि काहीच नसेल तर बरे वायरचे हेडफोन. ब्लूटूथ नको: आवाज 100 ते 200 मिलिसेकंद मागे राहिला तर गायकाचे ओठ आणि तान यांची फारकत होते. साउंडबार एचडीएमआय ‘एआरसी’ लिहिलेल्या भोकातच लावायचा, टीव्हीचा आवाज बाहेर पाठवतं ते तेच. शेजारच्या भोकात लावून ‘आवाजच येत नाही’ म्हणणारे बरेच आहेत. उस्ताद फैयाज खाँ ज्या बडोद्याचे दरबारी गायक होते तिथे या सिनेमावर घराघरात वाद व्हायला हवेत. माझी तक्रार एवढीच की रिॲलिटी शोमधल्या मुलीचा भाग जरा ढोबळ झालाय.

‘कोर्ट’ (2014) चौघांत सरस. कॅमेरा ठाण मांडून बसतो, माणसं येतात-जातात, आणि महत्त्वाचं काय ते तुम्हीच शोधायचं. वकिलाच्या घरातली गुजराती बडोद्यातल्या मराठी घरांत सबटायटलशिवाय समजते, हा आपला फायदा. बोलणं बुडत असेल तर ॲपच्या ऑडिओ मेन्यूत पाहा. बहुधा 5.1 चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा, ट्रॅक निवडलेला असतो, त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात, आणि तो स्पीकर तुमच्याकडे नसतोच. साधा स्टीरिओ ट्रॅक दिलेला असेल तर तो घ्या. कोटा फरशी आणि उघड्या भिंतींमुळेही शब्द घुमतात. टीव्हीसमोर एक जाड सतरंजी आणि खिडकीला जड पडदा, एवढ्याने काम होतं. लिलो चेवडो (आपला बडोद्याचा ओलसर चिवडा) मात्र मध्यंतरापर्यंत डब्यात राहू द्या. आणि नवरात्रात हा सिनेमा लावूच नका, गरब्याच्या मैदानावरचा बास कुठलाही पडदा अडवत नाही.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) हलकीफुलकी, भरभर सरकणारी. फाळक्यांची ओढाताण हसण्यावारी जाते असं अधूनमधून वाटतं, पण घरात सगळ्या वयांची माणसं एकत्र बसणार असतील तर या चारांतला हाच. फाळके 1890 च्या सुमारास आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. सिनेमा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू होतो, त्यामुळे बडोद्याची वाट बघत बसू नका.

तो पाहून झाल्यावर मूळ ‘राजा हरिश्चंद्र’चे (1913) उरलेले तुकडे यूट्यूबवर शोधले जातातच. तिथे माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर हसण्याआधी वेग बघा. मूकपट साधारण 16 ते 18 चित्रांच्या वेगाने चालायचे. 35 मिमीच्या एका फुटात 16 चित्रं, म्हणजे 3,700 फुटांचा तो सिनेमा 16 च्या वेगाने तासाभराचा, आणि 24 ने चालवला तर 41 मिनिटांतच संपतो. प्लेबॅक स्पीड 0.75 करा, 24 चे 18 होतात आणि चाल माणसांची होते. चित्र चौकोनीच राहू द्या, डावी-उजवीकडच्या काळ्या पट्ट्यांना घाबरून ‘स्ट्रेच’ केलंत तर हरिश्चंद्र आडवा सुटतो. आवाज बंद ठेवला तरी चालेल, मागचं संगीत कुणीतरी नंतर चिकटवलेलं असतं.