दोन्ही फोटोंत गाडी चालतीच आहे

"फोटो झकास आलाय गं गाडीचा," आई चष्मा सावरत म्हणाली.

सकाळी पोस्टाने आलेलं पत्र. इंग्लंडातल्या लेस्टरमधल्या एका रिटेल पार्कात, म्हणजे मोठ्या दुकानांच्या संकुलात, शिरतानाचा एक फोटो, निघतानाचा दुसरा. 2 तास पार्किंग फुकट, आम्ही 14 मिनिटं जास्त. 100 पौंड, 14 दिवसांत भरले तर 60.

पत्रात 'दंड' हा शब्दच नाही. काउन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, असते 'पेनल्टी चार्ज नोटीस', ही 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोन्हींचं लघुरूप पीसीएन! म्हणजे हे खाजगी कंपनीचं बिल. पण केराच्या टोपलीत टाकायची सोय नाही. 2015 साली ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने असंच 85 पौंडांचं बिल ग्राह्य धरलंय.

आई अजून फोटोच बघत होती. "पण यात गाडी उभी कुठंय? दोन्हींत चालतीच आहे की!"

खरंच की. शनिवारची गर्दी, जागा शोधत घातलेल्या चकरा, निघतानाची रांग... कॅमेऱ्याच्या हिशेबी हे सगळं पार्किंगच.

आईचंच वाक्य इंग्रजीत लिहून अपील पाठवलंय. तरी ते 60 डोक्यात घोळतायत. तुम्ही भरून मोकळे झाला असता का?